दोन ओळींची जागा

विनिपेगमध्ये एप्रिल म्हणजे अजून बर्फच.
नदी तेवढी रात्री कडाड मोडायची,
आणि पहाटे पाचच्या पाळीला
इस्पितळांच्या चादरी यायच्या आमच्या कारखान्यात धुवायला,
पिवळ्या पिशव्यांत, गाठ नीट न मारलेल्या.

वर्गवारीच्या टेबलाशी त्सेहाय्तू.
चादर झटकायची, बघायची, टाकायची.
काय काय निघतं चादरीतून :
कवळी, जपमाळ,
एकदा अर्धं सोललेलं संत्रं.
त्या वर्षी आणखीही काही निघायचं,
झटकलं तरी न दिसणारं.

मास्क आठवड्याला एक.
संध्याकाळी कागदी पाकिटात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तोच.
पाकिटावर कुणीतरी ‘लिगाया’चं ‘लिजिया’ केलं होतं.
आतला मास्क मात्र माझाच,
वासावरून कळायचं.

त्या मंगळवारी त्सेहाय्तूनं चादर खाली ठेवली.
फेकली नाही. ठेवली, घडी घालून.
आणि अर्ज मागितला.

कायद्यात तो आहे.
जेवणघरात, मायक्रोवेव्हच्या मागे,
तेलकट झालेल्या कागदावर :
धोक्याचं काम नाकारण्याचा हक्क.
सहा वर्षं त्याच्याखाली आम्ही डबे गरम केले.
‘हो’ला एक अक्षर पुरतं.
‘नाही’ला तीन पानं.
चौकट सहावी : धोक्याचे स्वरूप, दोन ओळींत.

अस्माराच्या शाळेत तिनं बावीस वर्षं फळा भरला होता.
इथे पेन धरून कितीतरी वेळ बसली.
मग लिहिलं :
मी श्वास घेते.
टेबलाला पंखा नाही.

फ्रीझन वाईट माणूस नव्हता.
कायदा असाही आहे, की एकीनं नाकारलेलं काम
दुसरीला देता येतं,
फक्त आधी सांगायचं.
त्यानं सांगितलं. दोन मीटरवर उभं राहून,
शब्द न शब्द, पत्रिका वाचावी तसं :
हे काम हिनं या कारणानं नाकारलंय. तू करशील?

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे.
मी सुपात होते.
हसू काही येत नव्हतं.
एक तारखेचं भाडं होतं, मुलाचा दम्याचा पंप होता.
मी म्हणाले, हो.
त्सेहाय्तूनं माझ्याकडे बघितलं नाही.
ते तिनं माझ्यासाठी केलं.

तिसऱ्या तासाला उशीच्या अभ्र्यातून
श्रवणयंत्र पडलं. चालू.
मुठीत धरलं की बारीक शीळ घालायचं,
मूठ उघडली की गप्प.
मी मिटली, उघडली. मिटली.
यंत्रांच्या त्या घरघरीत
तेवढीच एक शीळ मला ऐकू येत होती.

मग मीही हातमोजे काढले.
अर्ज संपले होते.
फ्रीझन प्रती काढायला गेला
आणि नऊ घेऊन आला.
नऊ का, मी विचारलं नाही.

निरीक्षक शुक्रवारी आला.
सोमवारी पंखा बसला, मास्क रोजचा झाला.
मधल्या तीन दिवसांत
इस्त्रीवरचा ओलेक्सा, ‘सही उद्या करतो’ म्हणालेला,
घरी गेला अंग तापलंय म्हणून, तिथून इस्पितळात.
त्याच्या वॉर्डाच्या चादरी आमच्याकडेच यायच्या.
त्सेहाय्तू त्या झटकत नसे.
कोपरा धरून हळू उलगडायची,
पंख्याखाली.

श्रवणयंत्र मी परत पाठवलं,
त्याच मास्कच्या पाकिटातून, ‘लिजिया’ खोडून.
वर काय लिहावं सुचेना.
‘चालू आहे’ एवढं लिहिलं.