ऊटा आयता?

उद्यमबागेत, लेथच्या घरघरीमागं,
भट्टीचा मुका बोर्ड माझ्या टेबलावर.
चार पिना, नावं खरवडलेली,
पाटीवर डांबर फासावं तशी.

"आधी ग्राउंड," नीलगंगक्का म्हणते,
"मग तुझं तोंड त्याच्या कानाला."
मी तोंडाला तोंड लावते.
"उलटं जोडूलालीस गे!"

तारा बदलल्या.
नऊ हजार सहाशेच्या वेगाला
नुसत्या चौकटी, प्रश्नचिन्हं, कचरा.
वेग वाढवत गेले. चहा निवला.
एक लाख पंधरा हजार दोनशेला
स्क्रीनवर रोमन लिपीत, सरळ:
ऊटा आयता?

कुणीतरी कोड लिहिताना, रात्री,
स्वतःलाच विचारलं असणार.
पुसायचं राहिलं.

"जेवलीस का म्हणतंय," अक्का सांगते.
कळलं की मला.
भट्टी अजून थंडच. डबा उघडला.