टोक वाकव

पुएर्तो मोन्तच्या कारखान्यात
माझ्या शेजारी उभी राहून
मायग्वालिदा साल्मनचे काटे उपटते.
चिमटा ती वेगळाच धरते.
माराकाइबोत अकरा वर्षं लोकांचे हात शिवले तिनं.
इथे एक कागद अडलाय.
विद्यापीठाचा शिक्का हवा,
आणि तिथल्या कचेरीत वीज नसते,
वीज आली की कारकून नसतो.

मार्चमध्ये माझी सुरी सटकली.
कंपनीच्या माणसानं पट्टी गुंडाळली,
किरकोळ आहे म्हणाला.
मान वर न करता ती म्हणाली,
"टोक वाकव."
वाकेना.
"कंडरा तुटलीय. आजच जा.
आणि मी सांगितलं म्हणू नकोस."

इस्पितळातल्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं,
कुणाच्या लक्षात आलं हे?
माझ्याच, म्हटलं.

आता जेवणाच्या सुट्टीत
तिच्या परीक्षेचं पुस्तक मी धरतो,
अडखळत प्रश्न वाचतो :
क्षयाची औषधं, बाळाच्या लसी,
इथल्या कायद्याचं कुठलंसं कलम.
हातमोजे न काढता ती उत्तरं देते.
एखादं चुकतं.
मग बराच वेळ गप्प.

पान मी उलटतो,
त्याच बोटानं.
थंडीत अजून ठणकतं जरा.