दुपारची पाळी, पिंपरडोह

बारा वाजून दहा मिनिटं.
सोलरच्या पाट्या उन्हानं पांढऱ्या पडल्यात,
ग्रिडला आत्ता आमची वीज नको आहे.
ढुमणे सर फोनवर म्हणतात, "घे, सगळी तुझी."
एवढं मोठं काही माझ्या नावावर आजवर झालं नव्हतं.

मी पाणी फोडायला घेते.

आई याच आवारात दगड फोडायची,
घनाचा आवाज सडकेपर्यंत जायचा.
पाणी फुटतं ते मुक्यानं.
नुसते बुडबुडे, आणि पंपाची घरघर.

एका नळीतून हायड्रोजन पुढं जातो,
दुसरीतून ऑक्सिजन वर, मोकळ्या हवेत.
त्याला इथं गिऱ्हाईक नाही.
ज्या वैशाखात एका सिलिंडरसाठी
भाटव्यानं वणी, वरोरा, चंद्रपूर पालथं घातलं,
त्या वैशाखात हा व्हॉल्व्ह नव्हता.
मी त्याच्यापाशी फार थांबत नाही.
रीडिंग घेते, पुढं जाते.

चुनाभट्टीचा धूर पलीकडून पाइपातून येतो,
धुतलेला, गाळलेला, वास मेलेला.
तोच आधी आमच्या तुरीवर बसायचा,
वाळत्या लुगड्यांवर,
जंगूमामाच्या छातीत.
चुना व्हायचं तर दगडाला श्वास टाकावाच लागतो,
एवढं मामाला शाळेशिवाय ठाऊक होतं.

मग लोखंडी नळकांडं. आत निकेलचे दाणे,
तुरीच्या डाळीएवढे. तीनशे वीस अंश.
तिथं ते दोघं भेटतात.
काच नाही; असती तरी दिसलं काही नसतं.
मिथेनचा आकडा फक्त चढतो,
एकाहत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव,
आणि खालच्या तोटीतून पाणी टपकतं:
फोडलं त्याच्या निम्मं, कोमट, परत.
उसन्या पायलीतलं अर्धं तरी
न मागता आणून देणारा शेजारी
आमच्या गावात अजून जन्मायचा आहे.

पहिल्यांदा शेगडी लावली तेव्हा मामा आला होता.
ज्योत निळी. काठी पुढं धरून लांबूनच पाहिली त्यानं.
चहा उकळला.
"काऊन वं पोरी, लाइन होती नं तुयाजवळ?
तिच्यावरच ठेवाचा होता चहा.
एवढा फेरा कायले मारला?"

ढुमणे सर खाकरले.
मी सांगून टाकलं: खरं आहे, मामा.
शंभरातले निम्मे वाटेतच जातात, नुसती गरमी होऊन.

मामानं बशीत फुंकर घातली. बराच वेळ घातली.
मग स्वतःशीच बोलल्यासारखं,
"मोहफूल वाळलं का टोपलीचं ओंजळभर उरते.
अर्धं तं मुंग्याच नेते.
तरी चैतात वाळवतोच नं आपून.
आषाढात झाडाले कोण फुलं मागन?"

हा दगड कोण्या समुद्राचा तळ होता म्हणतात.
त्यातून सुटलेला तो, त्या दिवशी
चहाखालून जळून पुन्हा हवेत गेला.
मी अडवला नाही. मला अडवताही आला नसता.
जाता जाता एक काम जास्तीचं करून घेतलं, इतकंच.

पावणेसहा. ऊन पाट्यांवरून उतरतं,
आकडे एकेक करून बसतात.
भट्टीला मात्र सुट्टी नसते;
रात्रीचा धूर सरळ वर जातो, अजून तरी.

टाकीचा काटा: चौतीस.
सही: प. ल. टेकाम.
शेऱ्याचा रकाना बोटभर आहे.
'पाणी कोमट' एवढं बसतं.