चार जागा आत

सर्जेकोटला सोसायटीच्या माडीवर बसून
मी होड्या टाइप करतेय. खाली बर्फ फुटतोय.
साधी फाइल, साधी अक्षरं, ना रंग ना चौकट.
एक आज्ञा दिली की तिचं आपोआप पुस्तक होतं
असं सांगून गेलेला मुलगा कुडाळला राहतो
आणि फोन उचलत नाही.

पहिल्या खेपेला यादी झालीच नाही.
सव्वीस होड्या एकाच परिच्छेदात,
सातेरीला गजलक्ष्मी घासतेय.
वाटलं, आकडे चुकले. आकडे बरोबर होते,
पण आपले होते, देवनागरी.
१ म्हणजे एक, हे ह्या यंत्राला कोणी शिकवलंच नाही,
त्याला ते शेपटीचं काहीतरी वाटतं.
सगळे इंग्रजी केले. तरी नाही.
मग कळलं, यादीच्या डोक्यावर एक ओळ कोरी लागते,
धक्क्याला लागताना इंजिन बंद करून
होडी नुसती येते ना, तेवढं पाणी.

दुसऱ्या खेपेचा कागद गुणाजी तारी तांडेलांनी
हात लांब करून वाचला. चष्म्याला सुतळी.
"गो बाय, हे सगळे तांडेल कधी झाले?"
बघते तर खलाशी होडीतून उतरून
तांडेलांच्या रांगेला बसलेले,
विठू खवळे, पेद्रू फर्नांडिस,
भात शिजवणारा पोर बाबी, त्यालाही स्वतःचा नंबर!
मी दोन जागा सोडल्या होत्या. ह्याला चार लागतात.
चार जागा आत सरकवले
तसे गेले सगळे आपापल्या होडीत,
बाबी सगळ्यात शेवटी.

मग एक ओळ होती: 1996. त्या साली नवा धक्का झाला.
यंत्राला वाटलं, तीही होडीच,
पुढच्या होड्या सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव अशा मोजत गेलं.
चेअरमन पराडकर खूश,
"आपल्याकडे दोन हजार होड्या, कळवा मत्स्य खात्याला."
टिंबाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घातली. धक्का जागेवर आला.

रवळनाथ मात्र हट्टी.
आकडा तोच, टिंब तेच, तरी यादीत बसेना.
अर्धी दुपार गेली.
टिंब आणि नाव यांच्यामधली जागा
जागा नव्हतीच. फोनवरच्या मेसेजमधून चिकटून आलेलं
काहीतरी दुसरं, तेवढंच रुंद, तेवढंच पांढरं.
खोडलं, पुन्हा जागा दिली. बसला.

राहिला सात नंबर.
तारींच्या धाकट्या भावाची होडी.
तो नंबर सोसायटीने परत कोणाला दिला नाही.
"सातव्यार कायएक लिहू नको," तांडेल म्हणाले,
"पण सात रवांदे."
सांगायला सोपं. हे यंत्र रिकामी ओळ गिळतं
आणि आठव्याला सातवा करतं.
तुम्ही कुठलाही आकडा लिहा, ते आपलंच मोजतं.
तीनदा केलं. तीनदा गजलक्ष्मी
सातव्याच्या पाण्यात येऊन उभी.

संध्याकाळी बर्फवाले गेले.
मी फोनवरचा तो जुना मेसेज उघडला,
त्यातली ती जागा नसलेली जागा
हलकेच उचलली
आणि सातच्या पुढे ठेवली.

सकाळी तांडेलांचं बोट कागदावरून खाली येत होतं.
पाच. सहा.
सातपाशी थोडं थांबलं.
मग आठ.
"आठव्याच्या इंजिनाचो नंबर चुकलो हा," म्हणाले,
आणि मी फाइल पुन्हा उघडली.