कॉलर पलटून

शहापुरात, खडे बाजाराच्या तोंडाला
भरमू टेलरच्या पाटीवर तीनदा रंग चढलाय.
उन्हं कलली की जुनी अक्षरं
खालून वर येतात.

मी शर्ट ठेवला. "कॉलर गेली."
"जाते कुठं? घासलीय. पलटतो की."
ब्लेडनं एकेक टाका उसवताना
समोरच्या काचेतला पोरगा ओरडला,
"मामा, पाचशेला तीन हायत इकडं!"
भरमूनं मान वर केली नाही.
"शिवणाऱ्याला त्यातलं किती,
तेवढं इचारून ये."
पोरगा हसला. मग बराच वेळ गप्प.

कॉलरच्या पोटातून निळा निघाला,
विकत घेतला त्या दिवशीचा,
अकरा वर्षं घाम न बघितलेला.

वडगावातनं, मागावरून तशीच उठून आलेली निंगव्वा,
केसांत सुताची कुसळं,
परकराला ठिगळ लावून घेत होती
जुन्या इरकलीच्या काठाचं.
भरमू म्हणाला, अजून एक बसेल.
"साकु," ती म्हणाली,
आणि उरलेली चिंधी घडी करून
कनवटीला खोचली.

चाळीस रुपये झाले.
घरी येईतो मान ताठ राहिली.
कॉलर कडक होती, म्हणून असेल.