सूप कुठवर सरकलं

मंगळवारी आमच्याकडं पोटुशींची गर्दी.
विडी घरकुलातल्या दवाखान्यात पंखा एकच,
तोही माझ्याकडं पाठ करून फिरतो.
नरसव्वा गाजूल आली, चपला दारात काढल्या,
काट्यावर चढून भिंतीकडं बघत राहिली,
आकडा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी.

शेवटची पाळी कधी आली होती?
"गड्डा उठला ना अक्का, पाळणे सोडवायलेते,
त्येच्या दुसऱ्या दिवशी."
कॅलेंडर उलटं चाळलं, बोटांवर मोजलं.
तेहतीस आठवडे.

टेप लावायच्या आधी मी सगळ्यांना विचारते,
विड्या वळताना सूप कुठं असतं?
हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही.
तिसऱ्या महिन्यात मांडीच्या खोबणीत, पोटाला टेकून.
पाचव्यात मांडीच्या मध्यावर.
आता नरसव्वाचं गुडघ्यांवर आहे, जरा कलतं,
तंबाखू सांडते म्हणून खाली जुनी चादर.
टेप तेहतीस म्हणाला.
सूप आधीच म्हणालं होतं.

गालांवर वांग.
"बाळंत झालीस की जाईल," म्हणाले.
माझं एकोणीस वर्षांत गेलं नाही,
ते नाही सांगितलं.
बेंबीखाली काळी रेघ, मध्येच किंचित डावीकडं वळलेली.
"सासू म्हंती वाकडी रेघ, मुलगी."
रेघ सगळ्यांचीच थोडी वाकडी असते, नरसव्वा,
मी खूप बघितल्यात.

खालची पापणी ओढली.
धुऊन धुऊन रंग गेलेल्या टॉवेलची किनार.
पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिनंच दाखवली,
दहातल्या सात अजून जागेवर.

तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, मग पोटावर ठेवले.
डावीकडं लांब, सलग पाठ.
उजवीकडं बारके बारके कोपरे,
त्यातला एक माझ्या बोटाला ढोसून पळाला.
डोकं खाली.
बाहेरची रिक्षा जाईपर्यंत थांबले,
मग ठोके मोजले. एकशे बेचाळीस.
आम्ही दोघी काही बोललो नाही.

साडी सारखी करत ती उठली,
आणि जाता जाता, जसं भाजीचा भाव सांगावा तसं,
"या आठवड्यात छाट लई निघाली अक्का.
विडी सैल होतीय, तोंड मिटंना.
कारखान्यातला बाबा म्हणतोय ध्यान नाही तुझं."

बस परत, म्हटलं.
दाखव हात.

बोटं फुगलेली. अंगठी साबण लावून काढलीय,
तिचा पांढरा चट्टा तेवढा राहिलाय.
जोडवी मांसात रुतलेली.
नडगीवर अंगठा दाबला, उचलला,
खळगा तसाच राहिला,
माझा अंगठा तिथं विसरल्यासारखा.
रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
डाव्या कुशीवर निजवून पुन्हा घेतला. तेवढाच.
लघवीत बुडवलेली पट्टी हिरवी झाली.

आठवडाभर तिच्या विड्या सांगत होत्या.
त्या पोरानं नाकारून टोपलीत टाकल्या,
आणि पैसे कापले.

"सिव्हिलला आजच जायचं. मी चिठ्ठी देते."
"हजार पुरं करून उद्या?"
"आजच. डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली,
पाणी जायला लागलं, तर तिथं लगेच सांगायचं."
ती हसली, पदर तोंडाला लावून.
"पाणी पाचव्या दिवशी येतंय आमच्याकडं.
जायाला कुठलं?"
मीही हसले. मग फोन लावला,
आणि रिक्षात बसेपर्यंत दारात उभी राहिले.
संध्याकाळी माझेही पाय सुजतात.
त्याचा रकाना नाही.

कार्डावर, शेऱ्याच्या जागी,
घाईत लिहून गेले होते, सूप गुडघ्यांवर.
ते खोडलं. वर लिहिलं,
दोन्ही हातांना, पायांना सूज.
पण पेन बारीक होतं,
खोडलेलं अजून वाचता येतं.