भरवशाची म्हैस

राजारामपुरीत, तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली
मी टाइप करतो एस्तेर रणभिसे बाईंचा प्रबंध.
ग्रीक अक्षरं त्या मागाहून हातानं भरतात,
मी चार बोटं जागा सोडतो.

एक शब्द सारखा येतो. पिस्तिस.
मी 'श्रद्धा' लिहिलं. बाई म्हणाल्या, घाई नको,
पेढीवरची पतसुद्धा तेव्हा याच शब्दावर चालायची.
खोडलं. 'भरवसा' लिहिलं.

पुढचं प्रकरण उपरोधाचं.
शिपाई जांभळा झगा चढवतात, काट्यांचा मुकुट,
गुडघे टेकून "राजे, मुजरा!" म्हणत खिदळतात,
आणि त्यांना पत्ताही नसतो
की ते खरं बोलून बसलेत.
"आमच्या तालमीसमोर रोज चालतंय की हे," मी म्हणालो.
"या साहेब!" म्हणून ज्याची टोपी उडवली,
तो पुढं मामलेदार होऊन आला.
बाईंनी तळटीप दिली नाही. हसल्या मात्र.

रात्री गंगावेशीत दूधकट्टा.
म्हैस समोर, धार समोर, ग्लासावर फेसाचा डोंगर.
डोळ्यांदेखत पिळायचं, कारण पाण्याचा भरवसा नाही.
"त्यांच्यातही एक असाच," बाई म्हणाल्या,
"जखमेत बोट घातल्याशिवाय मानेना."
मग पर्स चाचपत राहिल्या. पाकीट घरी.
गवळ्यानं मान वर केली नाही: "द्या की उद्या."
नाव विचारलं नाही. वहीत मांडलं नाही.

ओठावरचा फेस पुसायचा राहिला बाईंचा.

दोनशे चौदावं पान
अजून माझ्याकडं कोरं पडलंय.
आणि टायपिंगचं बिल
मीही काही केलेलं नाही.